पहिला पॅच कुठे आणि कसा पाठवायचा?

ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड सर्वांना खुला असतो अशा प्रकल्पांना पहिल्यांदाच हातभार लावू पाहणाऱ्या वाचकांच्या पत्रांतून निवडलेले हे प्रश्न. पॅच म्हणजे अशा कोडसाठी तुम्ही सुचवलेला बदल. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. ज्याचं उत्तर दोन ओळींत संपतं, ते तेवढंच ठेवलं आहे.

प्रश्न : मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. पायथन आणि जँगो बऱ्यापैकी येतं. 'गुड फर्स्ट इश्यू' हे लेबल शोधलं की प्रत्येक इश्यूखाली 'मला असाइन करा' म्हणणाऱ्यांची रांग दिसते. सुरुवात कुठून करू?
— विद्यार्थिनी, इचलकरंजी

त्या रांगेत उभ्या राहू नका. नावाजलेल्या रेपोत (प्रकल्पाच्या कोडच्या कोठारात) नवख्यांसाठीचं हे लेबल लागलं की त्याच दिवशी दहा जण हात वर करतात आणि त्यातले बरेच पुन्हा फिरकत नाहीत. जँगो (पायथनमध्ये वेबसाइट उभारायची चौकट) येतं म्हणता ना, मग जँगोच घ्या. रोज वापरातल्या गोष्टीत 'हे असं का वागतं?' हा प्रश्न आपोआप पडतो. अनोळखी प्रकल्पात तो पडायलाच महिना जातो.

जँगोची तिकिटं (बग आणि सुधारणांच्या नोंदी) गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर नसतात. ती ट्रॅक नावाच्या वेगळ्या ठिकाणी असतात. गिटहबवर फक्त कोड आणि पुल रिक्वेस्ट (तुमचा बदल मूळ कोडमध्ये घ्या, अशी विनंती). ट्रॅकवर 'ईझी पिकिंग्ज' अशी खूण लावून गाळणी मारा, पण त्याआधी तिकिटाची 'ट्रायज स्टेज' (छाननीचा टप्पा) बघा. ती 'अ‍ॅक्सेप्टेड' असेल तरच हात घाला. 'अनरिव्ह्यूड' म्हणजे हा खरंच बग आहे की नाही हे अजून ठरलेलं नाही; तुम्ही आठवडाभर खपून कोड लिहाल आणि तिकीट 'वोन्टफिक्स' (दुरुस्त करणार नाही) म्हणून बंद होईल. मालकाच्या रकान्यात 'नोबडी' असेल तर तिकीट मोकळं आहे. कुणाचं नाव असेल पण कित्येक महिने काही हालचाल नसेल, तर तिकिटावर एक ओळ लिहून विचारा आणि उत्तर आलं नाही तर घ्या.

आमच्या मते नवख्यांसाठी सर्वांत चांगली जागा वेगळीच आहे: अर्ध्यावर सोडलेले पॅच. 'पॅच नीड्स इम्प्रूव्हमेंट' अशी खूण असलेल्या तिकिटात कुणीतरी निम्मं काम केलेलं असतं, जाणकारांनी काय कमी आहे ते लिहून ठेवलेलं असतं आणि मूळ लेखक गायब असतो. तिथे तुम्हाला अभ्यासक्रमच आखून मिळतो. फक्त कमिटच्या (गिट या बदल नोंदवणाऱ्या साधनातल्या एका नोंदीच्या) संदेशाच्या शेवटी 'को-ऑथर्ड-बाय' लिहून आधीच्या माणसाचं श्रेय द्यायला विसरू नका.

आता यंत्रणा. फोर्क करा (गिटहबवर स्वतःची प्रत), क्लोन करा (ती प्रत मशीनवर उतरवा), व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रकल्पापुरती वेगळी पायथन मांडणी) बनवा, त्यात 'पिप इन्स्टॉल -ई' वापरून तुमचा क्लोनच बसवा. 'टेस्ट्स' फोल्डरमधल्या 'रिक्वायरमेंट्स/पीवाय३.टीएक्सटी' मधली पॅकेजं घाला आणि त्याच फोल्डरमधून 'रनटेस्ट्स.पीवाय' चालवा. डिफॉल्ट एसक्यूलाइट असल्यामुळे वेगळा डेटाबेस उभारावा लागत नाही. एकही ओळ बदलण्याआधी हे एकदा पूर्ण चालवाच. इथे काही फेल झालं तर दोष तुमच्या मशीनच्या मांडणीत आहे. नंतर कळलं तर तो तुमच्या बदलाचा वाटेल आणि दोन दिवस वाया जातील. पुढे प्रत्येक वेळी सगळ्या टेस्ट चालवायची गरज नाही. फॉर्म्सवर काम करत असाल तर 'रनटेस्ट्स.पीवाय फॉर्म्स_टेस्ट्स' पुरे.

मग आधी टेस्ट लिहा, दुरुस्ती नंतर. बग पकडणारी टेस्ट मूळ कोडवर फेल झाली पाहिजे आणि तुमच्या दुरुस्तीनंतर पास. पाठवण्यापूर्वी दुरुस्ती तात्पुरती काढून टेस्ट पुन्हा चालवा. तरीही ती पास झाली, तर ती टेस्ट काहीच तपासत नाही. तपासणारा माणूस नेमकं हेच करून बघतो. फॉरमॅटिंगसाठी ब्लॅक नावाचं साधन वापरतात, ओळीची मर्यादा ८८ अक्षरांची; 'प्री-कमिट' बसवून ठेवलं की हे आपोआप होतं. कमिट संदेशाचा साचा ठरलेला आहे: 'फिक्स्ड', मग # या चिन्हासह तिकीट क्रमांक, दोन आडव्या रेघा, मग काय केलं ते भूतकाळात, शेवटी पूर्णविराम.

पुल रिक्वेस्ट टाकली की काम झालं असं वाटतं, आणि नवखे इथेच अडकतात. ट्रॅकवर परत जाऊन तिकिटाला 'हॅज पॅच' ही खूण तुम्हालाच लावायची असते. ती नसेल तर तुमचं काम तपासणीच्या रांगेत येतच नाही; गिटहबवर पुल रिक्वेस्ट हिरवीगार दिसते आणि कुणी बघत नाही. तपासणाऱ्याने सुधारणा सुचवून 'पॅच नीड्स इम्प्रूव्हमेंट' लावलं असेल, तर दुरुस्ती झाल्यावर ती खूणही तुम्हीच काढायची. ती काढली नाही, तर काम तुमच्याकडेच बाकी आहे असं सगळे धरून चालतात.

प्रश्न : डॉक्युमेंटेशनमधल्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या तर ते योगदान धरतात का?
— वाचक, जळगाव

धरतात. जँगोत अशा किरकोळ दुरुस्तीला तिकीटही लागत नाही. फक्त वीस चुकांच्या वीस पुल रिक्वेस्ट पाठवू नका. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (ओपन सोर्स योगदानाला बक्षीस देणाऱ्या ऑक्टोबरातल्या उपक्रमात) टी-शर्टपायी रीडमीत (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलीत) एखादा शब्द घुसडणाऱ्या रिक्वेस्टचा इतका पूर आला की आयोजकांना ऐन ऑक्टोबरात नियम बदलावा लागला. तेव्हापासून ज्या प्रकल्पांची संमती आहे तेवढेच त्यात धरतात.

प्रश्न : फोर्कच्या 'मेन' या मुख्य ब्रँचवरच (शाखेवरच) तीन कमिट केले आणि पुल रिक्वेस्ट टाकली. मूळ प्रकल्प पुढे गेला म्हणून 'पुल' केलं, मग कमिट एकत्र करायला 'गिट रिबेस -आय हेड~४' चालवलं. आता माझ्या रिक्वेस्टमध्ये दुसऱ्यांचे चाळीसेक कमिट दिसताहेत. सगळं डिलीट करून नव्याने टाकू का?
— आयटी कर्मचारी, पुणे

डिलीट करू नका, त्याने आधीची सगळी चर्चा तुटते. काय झालं ते आधी समजून घ्या. 'पुल'ने एक मर्ज कमिट (दोन धागे जोडणारा कमिट) तयार झाला. तुम्ही चार पावलं मागे जाऊन रिबेस केलं (कमिट पुन्हा नव्याने रचले) तेव्हा गिटने तो मर्ज सपाट केला आणि त्यातून आलेले दुसऱ्यांचे कमिटही तुमच्या कमिटवर नव्याने रचले. मजकूर तोच, पण हॅश (प्रत्येक कमिटचा ओळख-क्रमांक) नवे. म्हणून गिटहबला ते 'नवे' वाटतात.

उपाय असा. आधी 'गिट ब्रँच जुनं' करून आहे ती अवस्था नाव देऊन ठेवा. 'गिट रिमोट अ‍ॅड अपस्ट्रीम' आणि पुढे मूळ रेपोचा पत्ता, मग 'गिट फेच अपस्ट्रीम'. 'गिट लॉग --वनलाइन --ऑथर=' पुढे तुमचं नाव आणि 'अपस्ट्रीम/मेन..' असं लिहिलं की फक्त तुमचे कमिट दिसतील. त्यांचे हॅश कागदावर उतरवा. आता 'गिट रिसेट --हार्ड अपस्ट्रीम/मेन'. कमिट न केलेलं जे काही असेल ते या कमांडने पुसलं जातं, म्हणून त्याआधी 'गिट स्टेटस' स्वच्छ आहे ना ते बघा. मग 'गिट चेरी-पिक' (निवडक कमिट उचलून लावणारी कमांड) आणि पुढे तुमचे हॅश, सर्वांत जुना आधी. कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोघांचे वेगळे बदल) आला तर फाइलमधल्या बाणांच्या खुणांमधला मजकूर हाताने नीट करा, 'गिट अ‍ॅड', मग 'गिट चेरी-पिक --कंटिन्यू'. शेवटी 'गिट पुश --फोर्स-विथ-लीज ओरिजिन मेन'. तीच पुल रिक्वेस्ट स्वच्छ होते.

नुसतं '--फोर्स' नको. मेंटेनरने (प्रकल्प सांभाळणाऱ्याने) दरम्यान तुमच्या ब्रँचवर काही ढकललं असेल तर ते चिरडलं जातं. 'विथ-लीज' अशा वेळी अडवतं. आणि रिबेसनंतर साधा पुश नाकारला जातो तेव्हा गिट स्वतःच 'आधी पुल करा' असं सुचवतं. त्या वेळी तो सल्ला ऐकायचा नसतो. जुने आणि नवे कमिट एकत्र कालवले जातात. यापुढे प्रत्येक बदलाला वेगळी ब्रँच काढा आणि 'मेन'ला हात लावू नका.

याच पत्राच्या शेवटी 'तीन ओळी बदलल्या, पण आठशे दिसतात' अशीही तक्रार आहे. 'गिट डिफ -डब्ल्यू' चालवून बघा. त्यात बदल तीन ओळींवर आला, तर दोष मोकळ्या जागांचा किंवा ओळ संपवण्याच्या खुणेचा आहे. विंडोजवरचा एडिटर प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन अदृश्य अक्षरं घालतो, लिनक्सवाले एकच. विंडोजवर गिटची 'कोअर.ऑटोसीआरएलएफ' ही सेटिंग 'ट्रू' ठेवा आणि एडिटरमधलं 'फॉरमॅट ऑन सेव्ह' त्या प्रकल्पापुरतं बंद करा. आठशे ओळींतून तीन शोधत बसायला कुणालाही वेळ नसतो. ओपन सोर्समध्ये खरा तुटवडा कोडचा नाही, तो वाचून पाहणाऱ्यांचा आहे.

प्रश्न : लॅपटॉपला ४ जीबी रॅम आहे, इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. मोठा रेपो क्लोन करताना ८० टक्क्यांवर तुटतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो.
— विद्यार्थी, गडचिरोली

गिटचा क्लोन तुटला की जिथे होता तिथून पुढे चालू होत नाही, त्यामुळे एका दमात येईल एवढंच मागायचं. 'गिट क्लोन --डेप्थ १' मध्ये फक्त आजची अवस्था येते, इतिहास येत नाही. मग रेंज चांगली असेल तेव्हा 'गिट फेच --डीपन=१००' असं थोडं थोडं मागे जा. इतिहासाशिवाय 'गिट ब्लेम' (कोणती ओळ कुणी लिहिली ते दाखवणारी कमांड) निरुपयोगी होतं आणि रिबेसही अडखळतो, हे लक्षात असू द्या. दुसरा मार्ग '--फिल्टर=ब्लॉब:नन' हा. त्यात कमिटचा सगळा इतिहास येतो, जुन्या फाइलींचा मजकूर मात्र लागेल तेव्हाच उतरतो. ज्याला वरचेवर इतिहास चाळायचा आहे त्याला हा बरा, पण तेव्हा नेट चालू हवं.

सी++ चे मोठे प्रकल्प या मशीनवर नकोत. कंपाइल करताना मध्येच 'किल्ड' एवढाच शब्द येऊन काम थांबतं, ते मेमरी संपल्यामुळे. कोडमध्ये चूक नसते. करायचंच असेल तर 'मेक -जे१' किंवा '-जे२' ठेवा (एका वेळी एक-दोनच कामं) आणि स्वॅप (रॅमच्या मदतीला डिस्कवरची जागा) वाढवा. फायरफॉक्समध्ये यावर चांगली सोय आहे. 'आर्टिफॅक्ट बिल्ड' निवडलं की सी++ आणि रस्टचे भाग तयार स्वरूपात उतरतात आणि तुम्ही जावास्क्रिप्ट, सीएसएस, मांडणी यांवर काम करू शकता. पायथन किंवा जावास्क्रिप्टचा छोटा प्रकल्प घेतला तर हा प्रश्नच येत नाही.

प्रश्न : मी मराठीचा निवृत्त शिक्षक. कोड येत नाही, पण सॉफ्टवेअरमधलं मराठी वाचून चिडचिड होते. सुधारायला काही करता येईल का?
— वाचक, कुडाळ

येईल, आणि तुमच्यासारख्यांचीच कमतरता आहे. कोडच्या रेपोत जाऊन भाषांतराची फाइल बदलू मात्र नका. बहुतेक प्रकल्पांत ती रिक्वेस्ट बंद होते, कारण भाषांतरं दुसरीकडून येऊन त्यावर लिहिली जातात. फायरफॉक्सचं भाषांतर पाँटूनवर होतं, लिबरऑफिसचं वेबलेटवर, मराठी विकिपीडियामागच्या मीडियाविकीचं ट्रान्सलेटविकीवर, जँगोचं ट्रान्सिफेक्सवर. वर्डप्रेसची स्वतःची जागा आहे. खातं काढून भाषा निवडायची, एवढंच. तुमचं वाक्य आधी 'सुचवलेलं' म्हणून थांबतं आणि मंजुरीचा अधिकार असलेल्याने मान्य केल्यावर आत जातं. म्हणून पहिल्याच दिवशी पाचशे वाक्यं टाकू नका. वीस टाका, मराठीच्या मंजुरीदाराला निरोप पाठवा, त्यांनी काय बदललं ते बघा.

वाक्यांत मध्येच टक्के चिन्ह आणि एखादं रोमन अक्षर दिसेल. तिथे चालू प्रोग्राम नाव किंवा संख्या भरतो. कधी कंसात एखादं इंग्रजी नाव आणि त्याला चिकटून 'एस' किंवा 'डी' अक्षर असतं. कंसातलं नाव मराठीत करायचं नाही आणि शेवटचं अक्षर गाळायचं नाही. प्रोग्राम तिथेच कोसळू शकतो. याहून फसवी गोष्ट क्रमाची. इंग्रजीत 'अमुक पुस्तक, तमुक लेखकाचं' असा क्रम असेल आणि मराठीत तुम्ही 'तमुक यांचं अमुक' असा उलटा केला, तर दोन्ही जागा सारख्याच खुणेच्या असल्यामुळे लेखकाच्या जागी पुस्तक जाऊन बसतं. 'एमएसजीएफएमटी -सी' हे तपासणीचं साधन संख्येच्या जागी शब्द आला तर ओरडतं, पण ही अदलाबदल त्याला दिसत नाही. अशा वेळी टक्के चिन्हापुढे क्रमांक आणि डॉलरचं चिन्ह घालून 'दुसरं आधी, पहिलं नंतर' असं सांगता येतं, अर्थात तो प्रकल्प ते मानत असेल तर.

मराठीची खास अडचण सामान्यरूपाची. रिकाम्या जागेला थेट 'मध्ये' किंवा 'ने' जोडलं तर 'फोल्डरमध्ये' नीट जमतं, पण नाव 'माझे फोटो' असेल तर 'माझे फोटोमध्ये' असं ध्यान दिसतं. तिथे वर्गवाचक नाम घाला: 'माझे फोटो' या फोल्डरमध्ये. लिंगाचाही गुंता याच युक्तीने सुटतो. नुसतं 'अमुक हटवलं' की 'हटवली' हे ठरवता येत नाही. 'अमुक ही फाइल हटवली' म्हटलं की क्रियापदाला धरायला काहीतरी मिळतं. अनेकवचनासाठी दोन रकाने असतात: पहिला फक्त १ साठी, दुसरा बाकी सगळ्यांसाठी. शून्यही दुसऱ्यातच, म्हणजे '० फायली'.

मेनूच्या शब्दांत मध्येच अधोरेघ, अँपरसँड किंवा टिल्ड दिसला तर तो कीबोर्डच्या शॉर्टकटसाठी आहे. तो जोडाक्षराच्या पोटात घातला तर अक्षर फुटतं. जुन्या मराठी अनुवादांत शब्द संपल्यावर कंसात रोमन अक्षर ठेवून ते त्याला जोडण्याची रीत सापडते. तीच चालू ठेवा. आणि 'दुसऱ्या'मधला अर्धा र. काही कीबोर्ड तो नुक्त्याच्या 'ऱ'पासून बनवतात, काही साध्या 'र'ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. दिसतात सारखेच, पण शोधताना एक टाइप केलं तर दुसरं सापडत नाही. अनुवादकांच्या गटात आधी काय चाललं आहे ते पाहून तेच वापरा.

डोळ्यांना त्रास होत असेल तर मोझिलाच्या कॉमन व्हॉइसमध्ये मराठी वाक्यं वाचून ध्वनिमुद्रित करता येतात किंवा दुसऱ्यांची ऐकून बरोबर-चूक सांगता येतं. कोकणातला हेल तिथे दोष धरत नाहीत.

प्रश्न : पुल रिक्वेस्टला तीन आठवडे उत्तर नाही. आठवण केली तर राग येईल का?
— वाचक, नागपूर

नीट केली तर नाही. आधी स्वतःकडे बघा: स्वयंचलित टेस्ट लाल आहेत का, कॉन्फ्लिक्ट आहे का, खुणा राहिल्यात का. ते नीट करून त्याच रिक्वेस्टवर एक ओळ लिहा: 'ताज्या मेनवर रिबेस केलं आहे, टेस्ट पास आहेत, अजून काही हवं असल्यास सांगा.' खासगी मेल नको, पाच जणांना टॅग करणंही नको. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्याच्या प्रकल्पात) निदान आठवडाभर थांबून विचारावं असा संकेत आहे. नवं कर्नल निघाल्यावरचे दोन आठवडे मर्ज विंडोचे, म्हणजे नवे बदल आत घेण्याचे असतात. तेव्हा सगळे गळ्यापर्यंत बुडालेले असतात, तेवढे टाळा.

आणि रेपोत शेवटची रिक्वेस्ट कधी मर्ज झाली ते पाहा. दोन वर्षांपूर्वी झाली असेल, तर घरात कुणी राहत नाही.

प्रश्न : एआयकडून कोड लिहून घेतला तर चालतो का?
— विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

प्रकल्पाचा नियम वाचा, कारण एकमत नाही. जेंटू आणि नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पांनी २०२४ मध्ये अशा कोडला दार बंद केलं. कुठे सांगून वापरलं तर चालतं. कर्ल या नेटवरून डेटा आणणाऱ्या साधनाच्या प्रमुखांनी एआयने रचलेल्या, अस्तित्वातच नसलेल्या सुरक्षा-त्रुटींच्या अहवालांबद्दल वारंवार जाहीर तक्रार केली आहे. असा प्रत्येक अहवाल खोटा ठरवायला कुणाचे तरी तास जातात.

नियमात बसत असेल तरी कसोटी सोपी आहे. 'ही अट इथे का, वरच्या फंक्शनमध्ये का नाही?' असं विचारल्यावर तुम्हाला स्वतःच्या शब्दांत उत्तर देता आलं पाहिजे. तपासणाऱ्याचा प्रश्न एआयला देऊन त्याचं लांबलचक उत्तर चिकटवलं की ते पहिल्या परिच्छेदातच ओळखू येतं, आणि पुढच्या वेळी तुमचं नाव दिसल्यावर लोक पान बंद करतात.

प्रश्न : नोकरी करतो. घरी, रात्री, स्वतःच्या मशीनवर ओपन सोर्सचं काम केलं तर कंपनी हरकत घेऊ शकते का?
— वाचक, नवी मुंबई

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. घरी केलेलं काम 'ओघात' येतं का, हे तुमच्या नेमणूकपत्रावर आणि कामाच्या विषयावर ठरतं. कित्येक करारपत्रांत नोकरीच्या काळात केलेलं सगळंच कंपनीचं, असं कलम असतं. ते वाचा आणि प्रकल्पाचं नाव घालून मेलवर लेखी परवानगी घ्या. तोंडी 'कर की' पुरत नाही. ज्याने म्हटलं तो सहा महिन्यांत दुसरीकडे जातो.

हे आधी करायचं कारण असं की पुढे तुम्हाला सही करायची असते. काही प्रकल्प योगदानाचा परवाना-करार मागतात. कर्नल आणि त्याच्यासारखे प्रकल्प प्रत्येक कमिटखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ मागतात. हा कोड द्यायचा मला अधिकार आहे, असं ती सांगते. 'गिट कमिट -एस'ने ती आपोआप लागते. विसरलात तर शेवटच्या कमिटला 'गिट कमिट --अमेंड -एस', आणि अनेक असतील तर 'गिट रिबेस --साइनऑफ अपस्ट्रीम/मेन'.

त्याआधी 'गिट कॉन्फिग युजर.ईमेल' चालवून कोणता पत्ता छापला जाणार ते पाहा. ऑफिसचा मेल असेल तर तो कमिटमध्ये कायमचा जातो आणि जगाला दिसतो. त्या रेपोपुरता खासगी पत्ता ठेवा, किंवा गिटहब खरा मेल झाकण्यासाठी जो 'नोरिप्लाय' पत्ता देतं तो. मात्र कर्नलची सगळी चर्चा मेलवरच चालते, तिथे हा झाकलेला पत्ता कामाचा नाही.